पायाला हात लावू नका

माझ्या भाचीची मुलगी रश्मी डॉक्टर आहे. मागच्या महिन्यात जेवायला आली होती. एका हातात मोबाइल, एका हातात भाकरी, अशी तिची नेहमीची पद्धत. जेवता जेवता म्हणाली, "आजी, तुझ्या कामाचं आहे बघ. परदेशात आता शिरेतली रक्ताची गुठळी अल्ट्रासाउंडनं सैल करायचे प्रयोग चालू आहेत. आधी शिरेत अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. मग बाहेरून मशीन लावायचं. आवाजाच्या लाटांनी बुडबुडे थरथरतात आणि गुठळी मोकळी व्हायला लागते."

"शिरेत काय सोडायचे?" मी विचारलं.

"बुडबुडे."

माझं डोकंच फिरलं. उभी हयात मी सलाइनच्या नळीला टिचक्या मारून बुडबुडे बाहेर काढण्यात घालवली. आमच्या वेळी काचेच्या बाटल्या आणि रबरी नळ्या होत्या. नळीत मोहरीएवढा बुडबुडा दिसला, तरी पेशंटचे नातेवाईक वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. "सिस्टर, हवा चालली, हवा चालली!" मोहरीएवढ्या हवेनं काही होत नाही हे मला ठाऊक होतं, पण ते समजावत बसण्यापेक्षा टिचकी मारलेली बरी. आता म्हणे मुद्दाम सोडतात. आणि मशीननं गुठळी मोकळी होते, हे तर मला रश्मीनं सांगायलाच नको होतं. सावनेरकडच्या खाप्याची गिरजामावशी हेच सांगत गावोगाव फिरली होती आणि त्यापायी मी माझा घसा कोरडा करून घेतला होता. एवढ्या वर्षांनी ती खरी ठरते की काय, या विचारानं त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्यात. नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, यात कोणाला रस असणार? मी नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, रामटेके सिस्टर, आणि माझा आवाज तीन वॉर्ड पलीकडे जात असे. एवढी ओळख पुरे. मी मावशीचीच गोष्ट सांगते.

आधी रोग समजून घ्या, नाहीतर माझा संताप कशावर होता हे कळणार नाही. माणूस फार दिवस अंथरुणावर पडून राहिला, पाय प्लास्टरमध्ये अडकला, किंवा बाई बाळंत झाली, की कधीकधी पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्त साकळतं. त्याची गुठळी होते. पाय सुजतो, जड होतो, ठणकतो. पाय जात नाही सहसा. भीती वेगळीच असते. ती गुठळी शिरेतून सुटली तर रक्ताबरोबर वर जाते आणि फुप्फुसात अडकते. मोठी असेल तर माणूस बोलता बोलता संपतो. म्हणून पेशंटला पडून ठेवायचं, खाटेचा पायथा विटा लावून उंच करायचा, गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिनची सुई द्यायची, आणि पायाला हात लावायचा नाही. चोळायचा नाही, दाबायचा नाही, शेकायचा नाही. सुईनं गुठळी विरघळत नाही, फक्त वाढायची थांबते. पुढचं काम शरीर आपलं आपण करतं, सावकाश.

आता हे आपल्या लोकांना सांगून बघा. दुखणारा पाय समोर आहे, आणि तो दाबायचा नाही! आपल्याकडे माया दाखवायची दुसरी रीतच नाही. सासऱ्याचे पाय दाबतात, मास्तरांचे दाबतात, आजारी माणसाचे तर दाबतातच. भेटायला आलेला माणूस खाटेच्या कडेला टेकला, की बोलता बोलता त्याचा हात पेशंटच्या पोटरीवर गेलाच म्हणून समजा.

साठच्या दशकात मी नवीन होते, पुरुषांच्या वॉर्डात. कन्हानच्या खाणीतला एक माणूस होता, पाय मोडलेला. प्लास्टर काढल्यावर पोटरी सुजली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. तो हसरा होता. "सिस्टरबाई, इथं खाणीपेक्षा आराम हाय," म्हणायचा. त्याचा खाणीतला दोस्त भेटायला आला. बिचारा कामावरून थेट आला होता, नखांत कोळसा तसाच. मी पलीकडच्या खाटेवर ताप बघत होते. वळले तेव्हा तो दोस्ताचा पाय दोन्ही हातांनी, चांगला जोर लावून दाबत होता. मी "अहो!" म्हणेपर्यंत पेशंट उठून बसला होता. "दम लागते," एवढंच म्हणाला. आम्ही सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. तो दोस्त भिंतीशी उभा राहून आपल्या हातांकडे बघत होता. गुठळी त्याच्या दाबण्यानेच सुटली का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी त्याला तसं सांगितलंही. तो ऐकत नव्हता.

त्यानंतर जिथं जिथं माझी बदली झाली तिथं मी पाटी रंगवून घेतली. 'पायाला हात लावू नका.' खाली हिंदीत तेच. लोक त्या पाटीखाली बसून पाय दाबायचे. शिकलेलेसुद्धा. एका प्राध्यापकांना मी पाटी दाखवली तर म्हणाले, "मी दाबत नाही सिस्टर, नुसता कुरवाळतोय." असा माझा सारा काळ गेला.

ऐंशीच्या सुमाराला मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज झाले. एका उन्हाळ्यात खाप्याहून कौसल्या नावाची मुलगी आली. पहिलं बाळंतपण, तान्ही मुलगी. नवरा हिंगण्याला कारखान्यात पाळीवर. माहेर विणकऱ्याचं. डावा पाय मांडीपासून सुजून पांढराफटक पडलेला, वरची कातडी ताणून चकाकत होती. बरोबर एक उंच, हाडाची मजबूत बाई. गिरजामावशी. कौसल्याची आई तिच्या लहानपणीच गेली, हिनं तिला वाढवलं. स्वतःला मूलबाळ नाही. खाप्यातल्या बायकांची बाळंतपणं आणि मालीश हेच तिचं काम. तिचा हात लागला की कंबर सुटते म्हणून लोक तिला सावनेरपर्यंत बोलवायचे.

"किती दिवस चोळला?" मी पहिलाच प्रश्न विचारला.

"सुजला तवापासून चोळून राहिली. सकाळ-संध्याकाळ. गरम विटेचा शेक बी देला," मावशी अभिमानानं म्हणाली. "सव्वा महिना बाजेवरून उतरू देली नाई मी तिले."

म्हणजे गुठळी व्हायला लागतं ते सगळं केलं होतं, आणि ती सुटायला लागतं तेही. मुलगी जिवंत आली हेच नशीब. मी तिला पाटी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली.

"काहून?"

मी समजावलं. गुठळी, शीर, फुप्फुस. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी पाठ फिरवली, औषधाच्या कपाटाकडे गेले आणि परत येऊन पाहते तर पदराआड हात पोटरीवर! मी अशी ओरडले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"अवं, मी चोळून नाई राहिली. नुसता हात ठेवला."

पुढचे दिवस हेच चाललं. मी वॉर्डात असले की ती सभ्यपणे स्टुलावर बसायची. मी पलीकडे गेले की हात निघाला. ड्यूटीवरच्या नर्स मुलींना पहाऱ्याला बसवलं तर त्यांना गोड बोलून चहाला पाठवायची. तेलाची बाटली मी जप्त केली, तिनं डोक्याला लावायच्या तेलाची आणली. तीही घेतली. मावशीलाच बाहेर काढलं तर कौसल्या रडायला लागली, दूध आटेल म्हणून परत आत घ्यावं लागलं. आणि बाईचं कामही चोख. बाळाला न्हाऊमाखू घालणं, कौसल्याला चमच्यानं पेज पाजणं, सगळं एकहाती. तिच्याशिवाय चालतही नव्हतं आणि तिच्यामुळे माझा जीव टांगणीला. रोज सकाळी वॉर्डात शिरताना मी आधी कौसल्याच्या खाटेकडे बघायचे, छाती वरखाली होते आहे ना म्हणून.

शेवटी एक दिवस माझा तोल गेला. रागावले की मी आमच्या घरच्या बोलीवर येते.

"मावशी, तुले सांगून सांगून मी थकली. तुह्याच हातानं मरन ही पोरगी. मंग बसशीन रडत!"

मावशी उभी राहिली. मला वाटलं आता भांडण जुंपणार. तिनं आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मोठे, तेल मुरलेले हात.

"या हातानं हिच्या मायचं बाळंतपन केलं. हिले पयले याच हातानं धरलं. माय मेली तवा हिले याच हातानं झोपवलं. आता पाय दुखते म्हनून पोरगी रातभर कन्हते, अन् मी हात बांधून बसू? मले दुसरं काय येते, शिस्टर? तूच सांग."

पहिल्या दिवशी मी तिला 'तुमी' होते, आता 'तू' झाले होते. मला नर्सिंग शिकवलं होतं, याचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "डोकं चोळ, हात चोळ, पाठ चोळ. पाय नाही." ती म्हणाली, "दुखते तं पाय."

त्याच आठवड्यात आमचे सर सुट्टीवरून परतले. सर म्हणजे युनिटचे मोठे डॉक्टर. परदेशात शिकून आले होते आणि येताना स्वतःचं एक मशीन घेऊन आले होते. चष्म्याच्या घराएवढी डबी, त्याला वायरनं जोडलेली पेन्सिलीसारखी कांडी आणि कानात घालायच्या दोन नळ्या. कांडीच्या टोकाला जेली लावून शिरेवर धरली, की आत रक्त वाहत असल्याचा आवाज कानात येतो. एवढंच. ते मशीन ऐकतं, करत काही नाही. हे मी इथं पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण यापुढची माझी कित्येक वर्षं हे वाक्य बोलण्यात गेली.

सरांचा हट्ट असा, की ऐकताना शांतता पाहिजे. पंख्याचा आवाजसुद्धा नको. नागपूरचा मे महिना, आणि पंखे बंद! अख्खा वॉर्ड सरांना शिव्यांची लाखोली वाहत होता. सरांनी कौसल्याच्या चांगल्या पायावर, जांघेशी कांडी धरली आणि दुसऱ्या हातानं पोटरी हलकेच दाबली. पोटरी दाबली की रक्त वर ढकललं जातं आणि वरच्या शिरेत जोराचा आवाज येतो. शीर मोकळी असल्याची ती खूण.

मावशी स्टुलावरून ताडकन उठली. "हे पाहा! हे पाहा शिस्टर! डाक्टर दाबते तं दवाई, मी दाबलं तं गुन्हा!"

"तो चांगला पाय आहे मावशी," सर म्हणाले.

"पाय तं पायच हाय ना बाप्पा!"

मला सरांचाही राग आला. इतके दिवस मी घसा फोडून सांगते, आणि हे आले ते सगळ्यांसमोर पोटरी दाबायला लागले! पण सर माणूस मोठे मजेशीर. त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि मावशीच्या कानात घातल्या. चांगल्या पायावर कांडी धरली. मावशीचे डोळे मोठे झाले.

"वारा वाह्यते," ती कुजबुजली. "श्वास घेतला का थांबते, सोडला का वाह्यते."

अगदी बरोबर ऐकलं होतं. मग सरांनी कांडी सुजलेल्या पायाच्या जांघेशी नेली. पोटरीला हात लावला नाही. मावशी ऐकत राहिली. नाडीची टकटक तेवढी येत होती. वारा नव्हता. तिनं मान तिरकी केली, डोळे मिटले, पुन्हा ऐकलं. अख्खा वॉर्ड घामानं भिजून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"इथं काईच नाई," ती म्हणाली. "बंद हाय." आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

त्या क्षणापासून मावशीनं कौसल्याच्या पायाला बोट लावलं नाही. मी सुटले असं मला वाटलं, तेही एक दिवसच. दुसऱ्या दिवशी कौसल्याचा नवरा भेटायला आला आणि खाटेच्या कडेला टेकून त्याचा हात पोटरीकडे गेला. मावशीनं त्याच्या हातावर चापट मारली. "हात लावू नोको गा! मशीनचं काम चालू हाय आतमंदी. आवाज आत जाऊन गाठ फोडून राहिला. तू हालवशीन तं बिघडन."

मी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, मशीन काही फोडत नाही. ते फक्त आयकते. दवाई सुईत हाय."

"सुई तं खाप्यालेही भेटते. मंग मी इतल्या दूर कायले आनली पोरगीले?"

मी सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, "सिस्टर, ती हात लावत नाही ना? मग तुमचं काय अडलं?" मला मात्र खोट्यावर उभं राहिलेलं शहाणपण सोसत नाही. मी तिला रोज समजावायचे, आणि ती रोज "मशीन कवा लावता?" विचारायची. सर फेरीला येताना डबी विसरले तर ती त्यांना परत पाठवायची.

कौसल्या बरी झाली. सूज उतरली, गोळ्या घेऊन घरी गेली. काही महिन्यांनी तपासायला आली तेव्हा सरांनी डाव्या पायावर कांडी धरली, आणि काही न बोलता नळ्या मावशीच्या कानात घातल्या. शरीरानं आपली वाट आपण करून घेतली होती. आवाज बारीक होता, पण होता.

"वाह्यते!" मावशी ओरडली. "शिस्टर, वाह्यते वं!" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर तेलाचे दोन पंजे उमटले. धोब्यानं ते काढता काढता साडी विरवली.

इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला चिडले असते! मावशी खाप्याला गेली आणि नागपूरच्या मशीनची कीर्ती तिनं कन्हान नदीच्या दोन्ही काठांवर पोचवली. एसटी भरभरून लोक यायला लागले. "सुई नको, आवाजाचं मशीन लावा." गुडघेदुखीचे आले, मुरगळलेले आले. एकानं बहिऱ्या सासूला आणलं, आवाजाचं मशीन आहे तर कानाला लावा म्हणून. एक बाई मशीनसाठी नारळ आणि हार घेऊन आली. सर घरी डबी विसरले असतील त्या दिवशी तर मारामारी. मी प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवायचे, ते ऐकतं, करत काही नाही. लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघायचे. सिस्टरला काय कळतं!

एक दिवस खाप्याकडची एक बाळंतीण आली, उजवा पाय सुजलेला. मी फणकाऱ्यानंच विचारलं, "किती दिवस चोळला?"

"नाई चोळला," तिची सासू म्हणाली. "गिरजामावशीनं हात लावू देला नाई. म्हने आवाज बंद झाला असन तं चोळल्यानं पोरगी जाईन. पयले मशीनवर आयकून या म्हने. एसटीत बी पाय मांडीवर धरू नोका म्हने, म्हनून वेगळ्या सीटवर ठेवला."

मग आठवायला लागले. त्याआधीची ती केळवदकडची मुलगी, तिचाही पाय चोळलेला नव्हता. पाटणसावंगीची, तिचाही नाही. मी इतकी चिडलेली होते की माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या बाजूनं येणाऱ्या बायका सुजल्याबरोबर, न चोळता, न शेकता येत होत्या. माझ्या पाटीला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्या बाईनं चुकीचं कारण सांगून केलं होतं. मला आनंद झाला आणि भयंकर रागही आला. खाणीतल्या त्या माणसाच्या दोस्ताला कोणीतरी असंच काही खोटंनाटं आधी सांगितलं असतं तर, असं मनात आलं, आणि मी भांडारात जाऊन थोडा वेळ बसले.

नंतर मावशी स्वतःच बायका घेऊन यायची. अशीच एकदा आली होती. दुपारची ड्यूटी संपत आलेली. आम्हा सिस्टर लोकांचं आयुष्य उभ्यानं जातं, त्यामुळे माझ्या पायांवर निळ्या शिरांची जाळी झालेली, आणि त्या दिवशी तर डावी पोटरी फार ठणकत होती. मावशी समोर बसली होती. खाप्यापासून सावनेरपर्यंत नावाजलेले ते हात मांडीवर रिकामे होते. मी इकडे तिकडे बघितलं, कोणी नव्हतं. चप्पल काढली आणि पाय तिच्यापुढे केला.

"मावशी, जरा दाब ना वं. भल्ली दुखून राहिली पोटरी."

मावशीनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं आहे ते तिला पाठ होतं.

"पयले मशीनवर आयकून ये."

"अवं, मी सिस्टर हाय! मले कळते. नुसत्या थकव्यानं दुखून राहिली."

"सगळ्या असंच म्हनते," ती म्हणाली, आणि हात पदराखाली घेतले.

मी तिला रागावले, लाडीगोडी लावली, पाटी माझीच आहे हेही सांगितलं. बाई हलली नाही. शेवटी सरांना गाठावं लागलं. माझ्याच वॉर्डात, माझ्याच पेशंटांच्या देखत, पंखे बंद करून मी खाटेवर आडवी पडले. सर हसू दाबत माझे पाय ऐकत होते. दारात मावशी उभी होती, तेलाची वाटी कोमट करून आणलेली, वारा वाहतो का ते कळायची वाट बघत.